पळणाऱ्या बाईची गोष्ट: पडद्यावरची शंभर वर्षं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



रात्री टीव्हीवर लागणारा एक सिनेमा तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला असणार. त्याचं नाव वेगळं असेल, भाषा वेगळी असेल, पण गोष्ट तीच. एक बाई एकटी सापडलेली आहे, घरात, गाडीत, नाहीतर रानात. तिच्या मागे खुनी लागलाय. फोन लागत नाही, दार उघडत नाही, कुणी ऐकत नाही. ती पळते, लपते, पडते, उठते. आपण भाकरी थापता थापता हात थांबवतो आणि म्हणतो, "अगं मागं बघ, मागं!" शेवटी ती सुटते की नाही, एवढंच आपल्याला पाहिजे असतं.

आज मी या सिनेमाचा इतिहास सांगणार आहे. मुद्दाम सांगणार आहे. कारण शंभर वर्षांत ही एकच गोष्ट लोकांनी पुन्हा पुन्हा सांगितली आणि दर वेळी थोडी बदलून सांगितली. संकटातल्या बाईला वाचवतं कोण, तिच्यावर विश्वास ठेवतं कोण आणि तिचा वैरी असतो कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं कशी बदलत गेली ते या सिनेमांत दिसतं. आणि हे तिन्ही प्रश्न आपल्या वाडी-वस्तीवरचे आहेत.

१९१३: पायपुसण्याखालची किल्ली

सुरुवात करू १९१३ सालापासून. त्या वर्षी अमेरिकेत 'सस्पेन्स' नावाचा एक मूकपट आला. लांबी जेमतेम दहा मिनिटांची. तो बनवला लोइस वेबर नावाच्या बाईने, आपल्या नवऱ्याच्या सोबतीने. लिहिलाही तिने, आणि त्यातली मुख्य भूमिकाही तिनेच केली. सिनेमाचा धंदा नवा होता, त्यात बायकांना अजून जागा होती. पुढे पैसा वाढला तशी ती जागा आकसत गेली.

गोष्ट अशी. गावाबाहेरच्या एकाकी घरात एक बाई तान्ह्या बाळासोबत आहे. घरकामाची मोलकरीण कंटाळून चिठ्ठी ठेवून निघून जाते आणि जाताना किल्ली दारातल्या पायपुसण्याखाली ठेवते. एक भटका माणूस ते पाहतो. घरातली बाई त्याला पाहते आणि घाबरून नवऱ्याच्या कचेरीत फोन करते. बोलता बोलता तो माणूस फोनची तार कापतो. नवरा रस्त्यावर उभी असलेली दुसऱ्याचीच मोटार घेऊन सुटतो, त्याच्या मागे पोलीस. इकडे बाई बाळाला घेऊन खोलीत कोंडून बसलीय आणि तो जिना चढतोय. पडद्याचे तीन भाग करून वेबरने एकाच वेळी बाई, नवरा आणि तो माणूस, तिघांनाही दाखवलं. आज हे आपल्याला साधं वाटेल, तेव्हा ते नवं होतं.

शेवट तुम्ही ओळखला असेल. नवरा आणि पोलीस ऐनवेळी पोचतात. म्हणजे १९१३ सालचं उत्तर काय? वैरी बाहेरचा, अनोळखी. वाचवणारा नवरा. बाईचं काम एवढंच, की कडी लावायची आणि वाट बघायची.

आता गंमत बघा. तेच १९१३ साल आपल्याकडेही सिनेमाच्या जन्माचं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. पण लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, अशा दोघी मायलेकी उभ्या राहिल्या. आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी झाली. भस्मासुराची गोष्ट आपल्याला माहीत आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल त्याची राख करणारा तो राक्षस. देवसुद्धा त्याच्यापुढे पळतात. मोहिनी मात्र पळत नाही. ती नाचते, त्याला आपल्यासारखं नाचायला लावते आणि नाचता नाचता त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावते. आता मोहिनी हे विष्णूचंच रूप, हे खरं. पण पडद्यावर लोकांनी पाहिली ती एक मराठी पोर, जी मारायला आलेल्याला ताकदीने नाही, डोक्याने हरवते.

१९४३: रेडिओवरची एक हाक

दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी, कारण ती पहिल्यांदा सांगितली गेली रेडिओवर. २५ मे १९४३ रोजी अमेरिकेत एक श्रुतिका वाजली. नाव, 'सॉरी, राँग नंबर'. लिहिणारी ल्यूसिल फ्लेचर, आणि जवळजवळ सगळी श्रुतिका एकटीच्या आवाजावर पेलणारी नटी अ‍ॅग्नेस मूरहेड. लोकांना ती इतकी धरून राहिली की पुढच्या वर्षांत ती पुन्हा पुन्हा सादर झाली आणि १९४८ साली तिच्यावर सिनेमाही निघाला.

एक बाई अंथरुणाला खिळलेली आहे. नवरा घरी नाही. ती त्याला फोन लावायला जाते आणि लाइन भलतीकडेच जुळते. दोन पुरुष बोलताना तिला ऐकू येतात. आज रात्री सव्वाअकराला एका बाईला मारायचं, ते ठरवताहेत. ती घाबरून फोनवरच्या ऑपरेटरला सांगते. ऑपरेटर नियम सांगते. पोलिसांना सांगते. पोलीस म्हणतात, एवढ्या मोठ्या शहरात कुठली बाई, कुठलं घर, काही सांगता येतंय का? ती चिडते, रडते. बोलणाऱ्याला वाटतं, ही बाईच जरा तशीच आहे. हळूहळू तिच्या लक्षात येतं, की ज्या बाईबद्दल ते बोलत होते ती आपणच आहोत. आणि ही सुपारी दिलीय तिच्या नवऱ्याने.

ती वाचत नाही, मैत्रिणींनो. ऐकणारे शेवटपर्यंत कान लावून बसतात आणि कुणी येत नाही.

तीस वर्षांत गोष्ट कशी उलटली बघा. १९१३ साली नवरा वाचवायला धावतो. १९४३ साली नवराच मारेकरी धाडतो. पहिल्या गोष्टीत फोनची तार कापलेली होती. दुसऱ्या गोष्टीत फोन चांगला चालू आहे, बाई तासभर बोलतेय, पण पलीकडे तिचं खरं मानणारं कुणी नाही. माझ्या मते ही दुसरी भीती मोठी. तार जोडता येते. पण "ही बाई उगाच कांगावा करते" असं एकदा गावाने ठरवलं, की मग तिने किती का ओरडेना.

त्याच काळात हीच गोष्ट आणखी एका प्रकारे सांगितली गेली. इंग्लंडमधल्या पॅट्रिक हॅमिल्टनने १९३८ साली 'गॅसलाइट' नावाचं नाटक लिहिलं. १९४४ साली हॉलिवूडने त्याच्यावर सिनेमा काढला. इन्ग्रिड बर्गमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. नवरा बायकोला मारत नाही. तिला वेडी ठरवतो. वस्तू लपवतो आणि म्हणतो, तूच हरवलीस. रोज संध्याकाळी घरातले गॅसचे दिवे मंद होतात, माळ्यावर पावलं वाजतात. ती विचारते, तर म्हणतो, तुला भास होतात. दिवे मंद होतात कारण तोच माळ्यावर जाऊन दिवे लावतो आणि तिच्या मावशीचे दागिने शोधतो. त्याच मावशीचा खून त्याने आधी केलेला असतो. तिची सुटका कधी सुरू होते? एक पोलीस अधिकारी तिच्या खोलीत बसतो, दिव्याकडे बघतो आणि सांगतो की हो, दिवा मंद झाला, मलाही दिसतंय. तिला पिस्तूल मिळालेलं नाही, दार उघडलेलं नाही. फक्त एका माणसाने सांगितलं, की तू बघतेस ते खरं आहे. तिथून ती उभी राहते.

या सिनेमामुळे इंग्रजीला एक नवा शब्दच मिळाला. बाईला तिच्याच मनाविषयी शंका यायला लावणं, याला तिकडे 'गॅसलाइटिंग' म्हणतात. आणि २०१५ साली इंग्लंड-वेल्समध्ये कायदा झाला, की अंगाला हात न लावता सुद्धा घरातल्या माणसाला सतत धाकात, ताब्यात ठेवणं हा गुन्हा आहे. नाटकापासून या कायद्यापर्यंत सत्याहत्तर वर्षं गेली.

आई मेली, मुलगी वाचली

पुढची गोष्ट एका खऱ्या मायलेकींची. १९६० साली हिचकॉक या दिग्दर्शकाचा 'सायको' आला. त्यात जॅनेट ली ही नटी न्हाणीघरात मारली जाते. प्रसंग पाऊण-एक मिनिटाचा, पण जगभर गाजला. किती बायकांनी त्यानंतर अंघोळीला जाताना दोनदा कडी तपासली असेल! अठरा वर्षांनी, १९७८ साली, जॅनेट लीची मुलगी जेमी ली कर्टिस हिचा 'हॅलोविन' आला. मुलं सांभाळायला आलेली एक शाळकरी मुलगी आणि तिच्या मागे लागलेला मुखवट्यातला खुनी. ती लपते, मुलांना लपवते आणि हाताला येईल त्याने लढते. विणकामाची सुई, कपडे अडकवायचा हँगर. आई सिनेमाच्या मध्येच मेली होती, मुलगी शेवटापर्यंत टिकली. आणि हा सिनेमा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक बाई होती, डेब्रा हिल.

मधल्या काळात, १९६७ साली, 'वेट अनटिल डार्क' आला. त्यात ऑड्री हेपबर्नने एका अंध बाईचं काम केलंय. तिच्या घरात तीन गुंड शिरतात. आपल्याला दिसत नाही, हे तिचं दुबळेपण. मग ती एकेक करून घरातले दिवेच फोडते. आता अंधार सगळ्यांना सारखा, आणि अंधारात वावरायची सवय फक्त तिला. ती सगळं करते, पण एक दिवा विसरते. फ्रिजच्या आतला. दार उघडलं की लागणारा. तिथे जी धडधड होते ती सांगण्यासारखी नाही, बघण्यासारखी आहे. काही थिएटरांत शेवटच्या मिनिटांना सगळे दिवे घालवून काळोख करत.

असे सिनेमे पुढे शेकड्याने निघाले. कॅरोल क्लोव्हर या अमेरिकन प्राध्यापक बाईंनी १९८७ साली त्यांचा अभ्यास मांडला आणि शेवटी उरणाऱ्या या पोरीला नाव दिलं, 'फायनल गर्ल'. शेवटची मुलगी. क्लोव्हर यांनी दाखवलं, की ही मुलगी इतरांपेक्षा सावध असते, बारीक खुणा तिच्या लक्षात येतात आणि शेवटी ती एकतर मदत येईपर्यंत खुन्याला थोपवून धरते, नाहीतर स्वतःच त्याला मारते. १९१३ सालच्या कडी लावून बसलेल्या बाईपासून हा प्रवास मोठा आहे.

पण त्यात एक खोटही आहे. या सिनेमांत आधी कोण मरतं? जी मुलगी मित्रासोबत फिरते, दारू पिते, हसते-खिदळते ती. आणि वाचते कोण? जी साधी, अभ्यासू, पोरांच्या नादी न लागणारी. म्हणजे सिनेमा हळूच सांगतो, की नीट वागशील तर वाचशील. आपल्याकडे हेच वाक्य सिनेमाशिवायही रोज ऐकू येतं. "एवढ्या रात्री कशाला गेली होती?" मारणाऱ्याचा हिशोब बाजूला राहतो आणि मेलेलीची झडती सुरू होते.

आपल्याकडची पळणारी बाई

आता आपल्या देशात येऊ. १९३५ साली मुंबईत वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' काढला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया त्यात चाबूक घेऊन घोड्यावरून दौडते आणि दुष्टांना लोळवते. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते. लोकांनी गर्दी केली. पण नादियाच्या मागे कुणी लागलं तरी आपल्याला भीती वाटत नाही. ती वाघीण होती, आपल्यासारखी नव्हती.

आपल्यासारखी बाई पळताना दिसली ती १९८७ साली, केतन मेहतांच्या 'मिर्च मसाला'मध्ये. सोनबाईचं काम केलंय आपल्या पुण्याच्या स्मिता पाटीलने. सिनेमा लागला तेव्हा ती या जगात नव्हती. १३ डिसेंबर १९८६ ला बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती गेली होती.

इंग्रजांच्या काळातलं गुजरातेतलं गाव. वसुलीला आलेल्या सुभेदाराची नजर सोनबाईवर पडते. तो अंगलट येतो, ती त्याच्या मुस्काटात मारते आणि पळते. शिपाई मागे. पळत पळत ती मिरची कांडपाच्या कारखान्यात शिरते. तिथला म्हातारा राखणदार अबू मियाँ दार लावून घेतो आणि उघडायला नकार देतो.

इथपर्यंत गोष्ट नेहमीची. खरी गोष्ट पुढे आहे. सुभेदार निरोप धाडतो, बाई द्या, नाहीतर गाव जाळतो. पंच बसतात. गावाचं भलं कशात, याचा विचार होतो आणि सगळे मिळून ठरवतात, की एका बाईने काय होतंय, देऊन टाकू. शाळेचा मास्तर तेवढा विरोध करतो, त्याला मार बसतो. आणि कारखान्याच्या आत? आत कांडपाला आलेल्या बायका आहेत, त्याही अडकल्यात. त्यांची पोरं बाहेर आहेत. त्याही सोनबाईला बोलतात, तुझ्या एकटीच्या हट्टापायी आम्ही का मरायचं? जा बाई, काय व्हायचं ते होऊ दे.

मैत्रिणींनो, या जागी मी दर वेळी थांबते. कारण बाहेरचा सुभेदार ओळखू येतो, पण आतल्या बायकांचं हे बोलणं आपल्याच तोंडी असतं. "सहन कर." "घर मोडू नको." "तुझ्यामुळे सगळ्यांना त्रास." भीती माणसाला हे बोलायला लावते. सिनेमा त्या बायकांना वाईट ठरवत नाही, त्यांची भीती दाखवतो. शेवटी शिपाई दार फोडतात, अबू मियाँला गोळी घालतात आणि सुभेदार आत येतो. तेव्हा त्याच बायका फडक्यांत भरलेलं तिखट त्याच्या डोळ्यांत फेकतात. सगळा पडदा लालेलाल होतो. ज्या तिखटाने त्यांचे हात रोज जळायचे, तेच त्यांचं हत्यार होतं.

याच सिनेमात मुखीची बायको सरस्वती आहे, दीप्ती नवलने केलेली. मुखीच्या घरात राहून ती लेकीला शाळेत घालते आणि गाव सोनबाईला द्यायला निघतो तेव्हा बायकांना गोळा करून थाळ्या बडवते.

अठ्ठावीस वर्षांनी, २०१५ साली, नवदीप सिंगचा 'एनएच १०' आला. मीरा, म्हणजे अनुष्का शर्मा, नवऱ्याबरोबर गाडीने हरियाणातून चाललीय. वाटेत ढाब्यावर एका पळून आलेल्या जोडप्याला मुलीचाच भाऊ मारत ओढत नेताना दिसतो. मीराचा नवरा मध्ये पडतो. त्या दोघांचा खून त्यांच्या डोळ्यांसमोर होतो आणि मग मारेकरी यांच्या मागे लागतात. मीरा रात्रभर पळते. एक पोलीस अधिकारीच तिला मारेकऱ्यांच्या हाती द्यायला निघतो. शेवटी ती एका गावात सरपंचाच्या दारी पोचते. सरपंच बाई आहे. मीराला वाटतं, सुटले. पण ती सरपंच त्याच मेलेल्या मुलीची आई निघते, आणि मुलीला मारण्यात तिची संमती असते. या सरपंच बाईचं काम कुणी केलंय? दीप्ती नवलनेच. एकदा थाळी बडवणारी, एकदा दार लावून घेणारी. राखीव जागेवर बाई बसली म्हणजे दुसऱ्या बाईला न्याय मिळेलच असं नाही, हे हा सिनेमा फार कडवटपणे सांगतो.

ही गोष्ट हवेतून आलेली नाही. २००७ साली हरियाणात एकाच गोत्रात लग्न केलं म्हणून एका तरुण जोडप्याला मुलीच्या घरच्यांनी मारलं. दोघांनी न्यायालयाकडून पोलीस संरक्षण मागून घेतलं होतं, तरी ते वाचले नाहीत. मुलाच्या विधवा आईने गावाचा बहिष्कार सोसून खटला लढवला. २०१० साली करनालच्या न्यायालयाने पाच जणांना फाशी सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्या शिक्षा कमी केल्या, काहींना सोडलं. पण गावाच्या नावाने खून करणाऱ्यांना न्यायालयात उभं करता येतं, हे एका आईने दाखवून दिलं. पुढे २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीला लुडबूड करण्याचा अधिकार नाही आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय सरकारने करावी.

सिनेमा जे सांगत नाही

आता सिनेमाच्या बाहेर येऊ. सिनेमातला खुनी बहुतेक वेळा अनोळखी असतो. मुखवटा घालून येतो. खऱ्या आयुष्यात काय होतं? संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ८५ हजार बाया-मुलींचा खून झाला. त्यातल्या ५१ हजारांहून जास्त जणींना नवऱ्याने, जोडीदाराने किंवा घरच्या माणसाने मारलं. म्हणजे शंभरातल्या साठ. दिवसाला १४०. खून झालेल्या पुरुषांत हेच प्रमाण शंभरात बारा. म्हणजे १९१३ सालच्या वेबरपेक्षा १९४३ सालची फ्लेचर जास्त खरं सांगत होती. कडी आतून लावली तरी भीती संपत नाही, कारण कधी कधी तो कडीच्या आतच असतो.

दुसरं, सिनेमातली बाई पळते आणि ओरडते. खऱ्या आयुष्यात पुष्कळदा अंग थिजून जातं. पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. तो दुबळेपणा नाही आणि संमती तर नाहीच. पण हे समजायला आपल्या न्यायालयांनाही वेळ लागला. आपल्या महाराष्ट्रातच, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असं मानलं गेलं. त्यावर १९७९ साली वसुधा धागमवार, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि उपेंद्र बक्षी या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. गावोगावच्या बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. म्हणून "तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न आपण तरी कुणाला विचारू नये.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सिनेमात बाई घराबाहेर पडली की सुटली. खऱ्या आयुष्यात बाहेर पडण्याची वेळच सगळ्यात धोक्याची असते. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिकेने १९८० च्या दशकापासून याचा अभ्यास केला. घरातल्या माराचं रूपांतर खुनात कधी होतं, याच्या तिने खुणा काढल्या. त्यातल्या काही लक्षात ठेवा. नवऱ्याने कधीही गळा दाबला असेल, तर तो नुसता राग समजू नका, ती फार मोठी खूण आहे. जीवे मारण्याची धमकी, हत्यार दाखवणं, सतत संशय घेऊन पाळत ठेवणं, मार वाढत जाणं, गरोदरपणात मारणं, आणि ती सोडून निघाली किंवा निघणार हे त्याला कळणं.

म्हणून खरी सुटका सिनेमासारखी रात्री अनवाणी पळून होत नाही. ती आधी ठरवून होते. आधार कार्ड, पासबुक, पोरांचे दाखले यांच्या नकला दुसरीकडे ठेवणं. थोडे पैसे बाजूला काढणं. दोन नंबर तोंडपाठ करणं. शेजारणीशी एखादा खुणेचा शब्द ठरवणं, तो ऐकला की तिने फोन करायचा. आणि निघायचा बेत घरात रागाच्या भरात बोलून न दाखवणं. अगदी जिवावर बेतलं तर मात्र बेत बाजूला ठेवायचा आणि आधी जीव वाचवायचा.

आपल्या हातात काय आहे

इतिहासाने आपल्याला काही हत्यारंही दिलीत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मार, शिवीगाळ, धाक, पैशाची कोंडी सगळं येतं. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, कायद्याच्या वाटेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. आणि गटातल्या बायांनो, एक गोष्ट नीट ऐका. या कायद्यात खबर तिनेच दिली पाहिजे असं नाही. शेजारीण, बचतगटातली मैत्रीण, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर खटला होत नाही. अबू मियाँने दार लावलं होतं, तसं हे दार कायद्याने आपल्या हातात दिलंय.

संकटात ११२, बायकांच्या मदतीसाठी १८१. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, दवाखाना, वकील, पोलीस यांची मदत एका ठिकाणी मिळते. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याला तक्रार घ्यावी लागते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही.

हे सगळे सिनेमे एकापुढे एक ठेवले तर काय दिसतं? वेबरच्या बाईला नवऱ्याची वाट बघावी लागली. फ्लेचरची बाई मेली, कारण पलीकडून कुणी "हो, खरं आहे" म्हटलं नाही. 'गॅसलाइट'मधली जगली, कारण तसं म्हणणारा एक जण भेटला. हॅलोविनमधली पोर एकटी लढली. आणि सोनबाई वाचली, कारण शेवटी आतल्या बायका तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. माझ्या मते या सगळ्यांत आपल्या कामाची गोष्ट सोनबाईची आहे. प्रत्येकीकडून नादियासारखी अपेक्षा करता येत नाही. एवढी ताकद रोजच्या कामातून उरते कुणाला? पण दहा जणींनी मिळून एकीवर विश्वास ठेवणं, हे आपल्याला जमतं. दर महिन्याला आपण बचतीचे पैसे एकमेकींच्या हवाली करतोच की.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं काढा आणि एवढंच बोला. आपल्या गटातली कुणी बरेच दिवस आलेली नाही का? तिची चौकशी कोण करणार? खुणेचा शब्द कोणता ठेवायचा? आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर कुणाकडे आहे? नसेल तर कोण आणणार? आणि "सहन कर" हे वाक्य आपल्यापैकी कुणी कुणाला म्हटलंय का?

पुढच्या वेळी टीव्हीवर असा सिनेमा लागला तर जरूर बघा, पोरींनाही सोबत घ्या. ती पळायला लागली की भिंतीपलीकडे कोण कोण आहे ते बघा, आणि त्यातलं कोण दार उघडतं ते मोजा.